हॅलोजनचा फोकस उतरला, भिंतीवर एलईडी चढली : वॉशिंग सेंटरवर बिल किती वाचतं अन् जीव किती वाचतो?

गुरुकुंज मोझरी (ता. तिवसा) : दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे वीस-बावीस दिवस म्हणजे हायवेवरच्या वॉशिंग सेंटरचा खरा हंगाम. दसऱ्याला गाडीची पूजा, त्यामुळे आदल्या दिवशी ट्रॅक्टरपासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांची रांग. मग आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव, मोझरीत लाखोंची गर्दी. त्याच्या मागोमाग दिवाळी. आणि नेमक्या याच दिवसांत सोयाबीनची काढणी, म्हणजे दिवसभर थ्रेशर अन् ट्रॉलीला जुंपलेला ट्रॅक्टर धुवायला येतो तो अंधार पडल्यावरच.

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की नांदगाव पेठ, मोझरी, तिवसा असा हा चौपदरी हायवेचा पट्टा आहे. पूर्वी याला सहा नंबर म्हणत, आता कागदावर राष्ट्रीय महामार्ग 53 आहे. अशा हायवेकाठच्या गावांत ढाबा, पंक्चरचं दुकान आणि वॉशिंग सेंटर हे तीन धंदे सुशिक्षित बेरोजगार पोरांना सगळ्यात आधी सुचतात. बोअर, टाकी, प्रेशर पंप, सिमेंटचा रॅम्प आणि वर टिनाचं शेड एवढ्यावर धंदा उभा राहतो. लाईटचा विचार सगळ्यात शेवटी होतो. शेडच्या मधल्या पाइपाला एक हॅलोजनचा फोकस बांधला, की झालं काम.

आता हे बदलत आहे. शहरातल्या नव्या वॉशिंग सेंटरसारखे भिंतीवर दोन्ही बाजूंनी एलईडी दिवे बसवायचे, असा विचार गावातले मालकही करू लागले आहेत. दुकानदार सांगतो, बिल दहा पट कमी होईल. हे खरं किती, आणि पैसा घालायचा तर कशावर घालायचा, हे नीट तपासून पाहायला पाहिजे. कारण या सौद्यात फक्त बिलाचा प्रश्न नाही. ओल्या अंगानं, हातात लोखंडी गन धरून, पाण्यात उभ्या असलेल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या जिवाचाही प्रश्न आहे.

आधी हिशेब : बिल खरंच किती कमी होतं?

एक हजार वॅटचा भार एक तास चालला की एक युनिट पडतं. एवढं एक सूत्र ध्यानात ठेवलं तर कोणाच्याही बोलण्यात येण्याचं कारण नाही.

समजा एका सेंटरवर 500 वॅटचे दोन हॅलोजन आहेत आणि ते रोज पाच तास चालतात. दिवसाला 5 युनिट, महिन्याला 150 युनिट. त्यांच्या जागी भिंतीवर 40 वॅटचे चार एलईडी दिवे लावले तर भार झाला 160 वॅट. दिवसाला पाऊण युनिटच्या थोडं वर, महिन्याला 24 युनिट. वाचले 126 युनिट. युनिटचा सगळा मिळून दर हिशेबापुरता 10 रुपये धरला, तर महिन्याला 1260 रुपये वाचतात. खरा दर प्रत्येकानं आपल्या बिलावर पाहावा, कारण व्यावसायिक जोडणीला वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि विद्युत शुल्क असे तुकडे वेगवेगळे लागतात. स्थिर आकार मात्र दिवे बदलून कमी होत नाही.

खर्च पाहू. चांगल्या प्रतीचे, पाणी न शिरणारे चार दिवे हिशेबाला 1800 रुपयांप्रमाणे धरले तर 7200 रुपये. वायरिंग, अर्थिंग आणि सुरक्षेचा स्विच मिळून आणखी 6000 धरा. एकूण 13,200. महिन्याला 1260 वाचत असतील तर साडेदहा महिन्यांत पैसा वसूल. धंद्यात हा सौदा वाईट नाही.

पण हाच हिशेब दुसऱ्या सेंटरवर उलटतो. जिथं दिवे रोज दोनच तास लागतात तिथं बचत 500 रुपयांच्या आसपास येते आणि पैसा निघायला सव्वादोन वर्षं लागतात. आणि जिथं हॅलोजन नाहीच, चार जुन्या ट्यूब आहेत, तिथं चोकसकट भार जेमतेम 200 वॅट असतो. त्या काढून 20 वॅटच्या चार एलईडी पट्ट्या लावल्या तर महिन्याला वाचतात फक्त 18 युनिट, म्हणजे 180 रुपये. तेवढ्यासाठी कोणी भिंत खोदणार नाही.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. वॉशिंग सेंटरच्या बिलातला मोठा वाटा दिव्यांचा नसतोच. 5 एचपीची मोटर म्हणजे जवळपास 3.7 किलोवॅट. ती चार तास चालली की 15 युनिट गेले. वरून बोअरची मोटर वेगळी, हवेचा कॉम्प्रेसर वेगळा. त्यामुळे ‘एलईडी लावली की बिल अर्ध्यावर’ ही गोष्ट वॉशिंग सेंटरला लागू पडत नाही. दिव्यांचा भाग कमी होतो, पूर्ण बिल नाही.

‘पन्नास वॅटची एलईडी म्हणजे पाचशेचा हॅलोजन’ : हे खरं नाही

खोक्यावर आणि तोंडी दोन्हीकडे ही बरोबरी सर्रास सांगितली जाते. उजेड मोजायचं माप वॅट नाही, ल्युमेन आहे. 500 वॅटचा हॅलोजन साधारण 9000 ल्युमेन उजेड देतो. चांगली एलईडी एका वॅटला 100 ल्युमेनच्या आसपास देते. म्हणजे 50 वॅटची एलईडी 5000 ल्युमेन देणार. हॅलोजनच्या अर्ध्याच्या थोडं वर. त्यामुळे एकास एक बदल केला की मालक म्हणतो, ‘उजेड कमीच वाटून राहिला.’ तो बरोबर म्हणतो.

मग वरच्या हिशेबात 160 वॅटमध्ये काम कसं भागतं? दोन हॅलोजनचे 18,000 ल्युमेन आणि चार एलईडींचे 16,000, म्हणजे जवळपास सारखेच. शिवाय जागेचा फरक आहे. शेडच्या मधोमध टांगलेला फोकस गाडीच्या टपावर उजेड पाडतो. चिखल बसतो तो खाली : मडगार्डच्या आत, चाकाच्या डिस्कवर, दाराच्या खालच्या पट्टीवर, ट्रॉलीच्या हुकाजवळ. तिथं गाडीचीच सावली पडते. पोरगा मोबाईलचा टॉर्च दातात धरून चाक धुतो, सकाळी गाहाक येतो अन् म्हणतो चिखल तसाच आहे. दोन्ही भिंतींवरून तिरपा उजेड आला की बाजू दिसते, सावली तुटते. भिंतीवरच्या दिव्याचा खरा फायदा हा आहे, वॅटचा नाही.

खोकं घेताना म्हणून तीन गोष्टी वाचाव्यात : ल्युमेन किती, आयपी नंबर किती आणि भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का. तिसरी गोष्ट नसली तर तो माल कितीही स्वस्त असला तरी पाण्याच्या जागी नको.

एलईडी एवढी स्वस्त झाली कशी?

पांढरा उजेड देणारी एलईडी शक्य झाली ती निळ्या एलईडीमुळे. तिच्या शोधाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. भारतात 5 जानेवारी 2015 ला उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीनं कोट्यवधी बल्ब एकदम खरेदी केले, भाव कोसळला आणि एलईडी बल्ब खेड्यापाड्यातल्या घरात पोहोचला. तिकडे युरोपात 1 सप्टेंबर 2018 पासून साध्या हॅलोजन बल्बची विक्री बंद करण्यात आली. पारा असलेल्या ट्यूबही जगभरातून हळूहळू काढायचं मिनामाता करारातल्या देशांनी ठरवलं आहे. थोडक्यात, आज ना उद्या बदल करावाच लागणार आहे. बदल करताना तो एकदाच आणि नीट व्हावा, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडे एक अडचण राहते. 18 जुलै 2022 पासून एलईडी दिव्यांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. त्यामुळे बिलाविना घेण्याचा मोह वाढतो. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. आणि वॉशिंगच्या शेडमधला दिवा वॉरंटीतच जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पाणी, प्रेशर आणि ‘आयपी’चा नंबर

दिव्याच्या खोक्यावर आयपी 65, आयपी 66 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला 6 म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा 5 म्हणजे साध्या धारेनं पाणी शिरत नाही, 6 म्हणजे जोरदार धारेनंही नाही. प्रेशर गनची धार मात्र या सगळ्यांच्या वरची असते. तिच्यासाठी वेगळा आयपी 69 हा दर्जा आहे, तो दिवा महाग पडतो. गावातल्या सेंटरला त्याची गरज पडू नये म्हणून साधा उपाय असा, की दिवा गनच्या सरळ धारेत येणारच नाही अशा जागी बसवायचा. आयपी 66 चा दिवा, भिंतीवर वरच्या बाजूला, तोंड खाली तिरपं. ट्रक-ट्रॅक्टरचा रॅम्प असेल तर त्या उंचीचा विचार करून आणखी वर.

पण दिवा कितीही भारी घेतला तरी जोड उघडा असेल तर उपयोग शून्य. आपल्याकडे दिवा आयपी 66 चा आणि त्याच्या मागं दोन वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली, हे चित्र नेहमीचं आहे. पाणी दिव्यात शिरत नाही, टेपमध्ये शिरतं. जोड बंद डबीत असावा, वायर आत जाते तिथं रबरी ग्लँड असावी, आणि डबीत जाण्याआधी वायरला खाली एक झोळ द्यावा. म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळावरून खाली टपकतं, डबीत जात नाही. या झोळाला खर्च काहीच नाही.

दर्यापूर, भातकुली, अंजनगाव या खारपाणपट्ट्यातल्या सेंटरना आणखी एक त्रास आहे. पाणी वाळलं की काचेवर क्षाराचा पांढरा थर चढतो. दोन-तीन महिन्यांत उजेड मंदावतो आणि दोष दिव्याला लागतो. आठवड्यातून एकदा लाईन बंद करून काच पुसली तर तो दिवा पुन्हा तसाच उजेड देतो. शाम्पू अन् फोमचे शिंतोडेही ॲल्युमिनियमचा रंग खातात, तेही त्याच फडक्यानं पुसून घ्यावे.

एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथं आहे. बहुतेक सेंटरवर बोर्डात एमसीबी असते आणि मालकाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. एमसीबी पडते ती भार जास्त झाला किंवा शॉर्ट झाला तर. 6 ॲम्पियरची एमसीबी 6 ॲम्पियरपर्यंत करंट आरामात जाऊ देते. माणसाचा जीव घ्यायला एका ॲम्पियरचा दहावा भागही पुरतो. अंग कोरडं असेल तर कातडी थोडा विरोध करते. ओल्या अंगाला, अनवाणी पायाला, पाण्यात उभ्या माणसाला तोही आधार नसतो. म्हणजे पोरगा चिकटून राहील आणि एमसीबी आपल्या जागी मजेत चालू राहील.

यासाठी लागतो आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे जुन्या सवयीनं ईएलसीबी म्हणतात. लाईनमधून गेलेला करंट न्यूट्रलनं पूर्ण परत आला नाही, 30 मिलिॲम्पियरएवढाही दुसरीकडे गळाला, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. वॉशिंग सेंटरवर दिवे आणि पंप या दोन्हींना तो हवाच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांतही गळतीपासून संरक्षणाची तरतूद आहे. विकत घेताना डब्यावर 30 एमए लिहिलंय का ते पाहावं. 100 किंवा 300 एमएचाही मिळतो, तो आगीसाठी ठीक आहे, माणसासाठी नाही. त्यावर ‘टी’ असं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. लाईन गेली तर ठीक, नाही गेली तर तो बदलायचा.

बऱ्याच ठिकाणी आरसीसीबी लावतात आणि तो वारंवार पडतो म्हणून वायरमनकडून बायपास करून घेतात. वारंवार पडतो याचा अर्थ कुठंतरी खरंच गळती आहे. मोटरची गुंडाळी ओली झाली असेल, जोडात पाणी असेल. तो खोडी करत नाही, निरोप देत असतो.

अर्थिंगचंही तसंच. पंपाची बॉडी, रॅम्पचं लोखंड, शेडचे पाइप आणि दिव्याचं धातूचं घर, सगळं अर्थिंगला जोडलेलं पाहिजे. तिसरी वायर वाचवून तीनशे-चारशे रुपये वाचतात, त्यासाठी पोराचा जीव टांगणीला लावणं हा कुठला हिशेब?

जुन्या हॅलोजनचा एक धोका यातून आपोआप जातो. त्याची काच एवढी तापते की थंड पाण्याचा शिंतोडा बसला की तडकते, आणि उघडी पडलेली नळी थेट ओल्या माणसाच्या डोक्यावर असते. एलईडीची काच तेवढी तापत नाही. बिलात काही वाचत नसलं तरी एवढ्या एका कारणासाठी हॅलोजन उतरवणं योग्य.

रॅम्पच्या खाली, गाडीच्या पोटाशी उजेड लागतो तिथं 230 व्होल्टचा दिवा कधीच नेऊ नये. 12 किंवा 24 व्होल्टवर चालणारी एलईडी पट्टी किंवा चार्जिंगचा हातदिवा वापरावा. वायर तुटून पाण्यात पडली तरी त्या व्होल्टेजला जिवावर बेतण्याची शक्यता फार कमी असते.

लाईनचा लहरीपणा आणि दिव्याचं आयुष्य

खोक्यावर 25,000 तास लिहिलेलं असतं. रोज पाच तासांप्रमाणे हे 13 वर्षांच्या वर जातं. हॅलोजनची नळी 2000 तासांची, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाची. प्रत्यक्षात खेड्यात एलईडी दिवा 13 वर्षं टिकत नाही. एलईडी जात नाही, तिचा ड्रायव्हर जातो. डीपीवर न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या बोर्डावर 400 व्होल्टपर्यंत लाईन येऊ शकते. पावसाळ्याच्या तोंडाला अन् परतीच्या पावसात विजा कडाडल्या की झटका येतो, तो वेगळाच. म्हणून दिवा 100 ते 300 व्होल्टमध्ये चालणारा आणि सर्ज संरक्षण असलेला घ्यावा. ड्रायव्हर वेगळा बदलता येत असेल तर उत्तम, नाहीतर पाचशेच्या भागासाठी अख्खा दिवा फेकावा लागतो.

शेजारचं सोयाबीन आणि हायवेवरचा ड्रायव्हर

भिंतीवरचा दिवा खाली तोंड करून लावायचं आणखी एक कारण शेतकऱ्याला लवकर पटेल. सोयाबीन हे लहान दिवसाचं पीक आहे. रात्र पुरेशी मोठी अन् अंधारी झाली की त्याला फुलोरा लागतो. रात्रभर फोकस पडणाऱ्या धुऱ्याकडच्या तासांत झाड हिरवंच राहतं, शेंगा उशिरा भरतात. बाकी शेत सोंगणीला आलं तरी तेवढा पट्टा तयार नसतो. रोगाची फवारणी करून उपयोग नाही, तो रोग नाहीच. वॉशिंग सेंटरचा फोकस शेताकडे उघडा असेल तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. तोच फोकस हायवेकडे असला तर समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात. भिंतीवरून खाली पडणारा उजेड दोघांनाही त्रास देत नाही. काम संपल्यावर एक छोटा दिवा ठेवून बाकी बंद करावे, त्यानं किडे-पाखरंही कमी येतात.

जोडणी कोणती, हे आधी पाहा

काही ठिकाणी शेताच्या बाजूला सेंटर असतं आणि शेतीपंपाच्या जोडणीवरूनच प्रेशर पंप अन् दिवे चालतात. घरच्या मीटरवरून चालवणारेही आहेत. विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याला लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून हे ठरवता आलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची. वर्षभराची एलईडीची बचत एका पंचनाम्यात जाते. अपघात झाला तर त्याहून वाईट. कलम 161 प्रमाणे अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करू शकतो आणि पहिला प्रश्न जोडणी कशाची होती हाच येतो. 

म्हणून क्रम असा असावा. आधी महावितरणकडे व्यावसायिक जोडणी आणि खरा भार नोंदवणं. मग परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग आणि त्याचा चाचणी अहवाल. मग अर्थिंग आणि आरसीसीबी. दिवे सगळ्यात शेवटी. सध्या बहुतेक ठिकाणी दिवे पहिले येतात आणि बाकीचं ‘पुढच्या हंगामात पाहू’ असं होतं.

पैशाची सोय करायची तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50 हजारांपर्यंतचं कर्ज आहे. दिवे, अर्थिंग आणि बोर्ड एवढ्यात आरामात बसतं. छतावरच्या सोलरचं अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना मात्र घरगुती ग्राहकांसाठी आहे, वॉशिंग सेंटरला ती मिळत नाही. कोणी एजंट तसं सांगून पैसे मागत असेल तर सावध राहावं.

पैसा कमी असेल तर काय करावं?

दहा-बारा हजार एकदम काढणं प्रत्येकाला जमत नाही. त्यांच्यासाठी टप्पे सोपे आहेत. पहिल्या महिन्यात आरसीसीबी आणि अर्थिंग. दुसऱ्यात उघडे जोड डबीत टाकणं आणि डोक्यावरचा हॅलोजन उतरवणं. तिसऱ्यात एका भिंतीवर दोन दिवे, मग दुसऱ्या भिंतीवर दोन. ट्यूब असतील तर त्या चालू द्याव्यात, जातील तेव्हा बदलाव्यात. त्यात घाई करून काही मिळत नाही.

सेंटरवर काम करणाऱ्या पोरांनीही आपल्यापुरतं पाहावं. रबरी बूट घातल्याशिवाय गन हातात घेऊ नये. पंपाला, पाइपाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर ‘थोडा करंट मारते’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये, काम तिथंच थांबवावं. कोणी चिकटला तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच पाडावा. तो स्विच कोरड्या जागी आणि रॅम्पवरून दिसेल असाच असला पाहिजे.

मोझरी हे गाव ग्रामगीतेमुळे ओळखलं जातं. गावची स्वच्छता आणि गावातले उद्योग या दोन्ही गोष्टी राष्ट्रसंतांनी त्या ग्रंथात मांडल्या. वॉशिंग सेंटर हा नव्या काळातला गावउद्योगच आहे आणि त्यावर कितीतरी घरं चालतात. पुढच्या दसऱ्याला रांग लागण्याआधी प्रत्येक मालकानं फक्त आपल्या बोर्डाचं झाकण उघडून पाहावं. 30 एमएचा स्विच आत आहे का आणि त्याचं बटण दाबलं की लाईन जाते का? उत्तर नाही असेल, तर भिंतीवर कोणता दिवा लावायचा हा प्रश्न नंतरचा.